खांब क्रमांक चारशे तेरा

माझे वडील सीमेवरचा खांब क्रमांक चारशे चौदा आहेत. मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशी ते जागेवर जाऊन उभे राहिले आणि दुपारपर्यंत गळ्यापर्यंत सिमेंटचे झाले. चारशे तेरा ही पलीकडच्या देशातल्या झरीनची आई. दोघंही आजवर एका मिलिमीटरने कललेले नाहीत.

विषम क्रमांकांची देखभाल आमचा देश करतो, सम क्रमांकांची त्यांचा. म्हणून दर हिवाळ्यात तिच्या आईला चुना मी लावते, माझ्या बाबांना झरीन.

"हिचा हात जड आहे," बाबा दरवर्षी कुरकुरतात.

"काका, तुमच्या लेकीनं आईच्या डोळ्यात चुना घातला, तेव्हा आई काही बोलली का?"

"बोलले की," तिची आई म्हणते. "ऐकतंय कोण?"

या वर्षी चुन्याऐवजी कॅप्टन दळवी आले.

"मॅडम, चारशे तेराचे अक्षांश-रेखांश हवेत. उद्या सकाळी दहापर्यंत."

"कशासाठी?"

"तोफांचा नेम आधी एखाद्या खुणेवर गोळा टाकून जुळवतात. तुमच्याइतकी अचूक मोजणी देशात कोणाची नाही."

हे खरं होतं. मला अभिमान वाटला. मग तोंडात चुन्याची चव आली.

"आकडा चुकू देऊ नका," ते म्हणाले.

"मी चुकीचा आकडा देत नाही."

मी सीमेवर गेले. झरीन रिकामी बादली घेऊन बाबांजवळ उभी होती.

"तुझ्याकडे बाबांचा आकडा मागितला?"

"हो. तुझ्याकडे आईचा?"

"हो. तू खोटा देशील?"

"मला येत नाही."

"मलाही."

आम्ही दोघी हसलो.

"एकीला तरी यायला हवं होतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खूश होता.

सकाळी मी दोन्ही खांबांपासून दूर, सीमेलगतच्या गवतातली एक जागा निवडली. जवळपास घर नव्हतं, वाट नव्हती. ती तीनदा मोजली. कागदावर आकडे लिहिले, वर 'खांब क्रमांक ४१३' लिहिलं, सही केली आणि कागद दळवींना पाठवला. तिथे खांब उभा राहीपर्यंत तो कागद खोटा होता. म्हणून मी जाऊन उभी राहिले.

साडेनऊला माझे गुडघे वाकेनासे झाले. तेव्हा सीमेपलीकडे बारा पावलांवर झरीन दिसली. ती कमरेपर्यंत सिमेंटची झाली होती.

"इथेच का गं?" मी विचारलं.

"चारशे चौदाचा आकडा मी इथला दिला. इथे कोणाचं घर नाही."

"मीही तेच पाहिलं."

"आई म्हणाली, हिला सरळ उभं राहायला सांग."

"मी सरळच आहे."

"दाखव."

दोन्हीकडच्या टेकड्यांवर तोफांची तोंडं हळूहळू वळत होती. माझे हात अजून हलत होते. मी खिशातून ओळंबा काढला आणि खांद्यापासून खाली सोडला. दोरी थोडी हलली, मग थांबली.

दोन्ही आकडे बरोबर होते.