सहाणेवरची बजे

वेखंडाला आमच्या घरात बजे म्हणतात. मैसूरला पिढ्या गेल्या, त्यात मराठी नाव मागे पडलं; रीत राहिली. बाळाला न्हाऊ घातलं की बजेचं मूळ सहाणेवर दुधात उगाळून चाटवायचं, म्हणजे जीभ सुटते. मनगटात त्याच मुळाच्या मण्यांचं कडं.

माझी भाची तुंगा दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आई उगाळताना वेढे वाढवत गेली.

"आई, बजेनं पोटातला वात सरतो. बोलण्याचं मला कुठं सापडलं नाही. तिला ऐकू येतं का, ते आधी बघू."

"येतं की. सहाण घासली की आ करते. तू सुम्ने राहा, गप्प. बॉटनी शिकलीस, पोर नाही वाढवलंस."

नागरत्ना वहिनी तांदूळ निवडत राहिली. ती तुंगाला घेऊन महिनाभर बेट्टदपुरला माहेरी होती, तेव्हा बजेचा खाडा झाला, असं आई तिला रोज ऐकवायची.

दुसऱ्या सकाळी मी तुंगाच्या पाठीमागे बसून मूळ उगाळायला लागले. ती वाटीशी खेळत होती. मी खरखरा घासलं. तिनं मान वळवली नाही. मग सहाण नुसती तिच्यासमोर ठेवली. तिनं आ केला.

वहिनी दारातून बघत होती. तिनं तुंगाला उचललं आणि चपला घातल्या.

वाचा-श्रवणाच्या दवाखान्यात लोक परराज्यांतून मुलं घेऊन येतात. आम्ही इथलेच, हिनकलचे, बसनं जेमतेम काही थांबे. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र लावू, शिकवू. पण इतका उशीर का केलात?"

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं.

"बेट्टदपुरच्या खाड्यानं झालं हे."

"खाडा नव्हता, अत्ते," वहिनी म्हणाली. "माझी आई रोज उगाळायची."

"मग तिथलं मूळच हलकं असणार."

वहिनी उठून आत गेली. तुंगाचं कडं तिनं काढलं नाही.

सकाळी न्हाणं झाल्यावर आईनं सहाण पुढ्यात घेतली. तुंगानं लगेच आ केला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "ऐकतेय."