ग्रेव्हीतले थेंब

होबर्टला न विचारता मी त्याच्या ग्रेव्हीत तेल घातलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही माझी बाजू घ्याल आणि मग मलाच लाज वाटेल.

होबर्ट माझा नवरा. नऊ वर्षांपूर्वी सॉ मिलमध्ये ट्रकवरून ओंडका घसरला आणि त्याच्या कंबरेवर आला. डॉक्टरांनी हाडं जोडली, स्क्रू ठोकले, पण दुखणं घरजावयासारखं कायमचं मुक्कामाला राहिलं. ते दाबून ठेवायला अफूच्या जातीच्या चार गोळ्या दिवसाला लागायच्या. आमच्या टेनेसीच्या या डोंगरांत त्या गोळ्यांनी इतकी घरं बुडवली की आता त्या कुणाला सहज मिळत नाहीत. दर अठ्ठावीस दिवसांनी दीड तास गाडी चालवून वेदनेच्या दवाखान्यात जायचं, उरलेल्या गोळ्या खिडकीतल्या बाईसमोर मोजून दाखवायच्या, तपासणीसाठी कपात लघवी करून द्यायची. शिवाय पहिल्याच दिवशी करार केलेला. याखेरीज दुसरं काही घेणार नाही, गांजा तर नाहीच नाही. बारा पानं, आणि प्रत्येक पानावर सही. लोक न वाचताच सह्या ठोकतात. होबर्टने चष्मा लावून बाराच्या बारा पानं वाचली, मागे रांग खोळंबली होती तरी.

पुढे वरून दट्ट्या आला तशा चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. दोन गोळ्यांवर तो ओसरीपर्यंत चालायचा, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर उशी घेऊन बसायचा. झोप मात्र गेलीच. तास-दीड तास डोळा लागला तर लागला. सकाळी त्याचं तोंड बघवायचं नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण करते, पण जीव सगळा घरातल्या त्या आरामखुर्चीत अडकलेला असायचा.

केंड्रा माझ्या भावाची मुलगी. पेट्रोल पंपाशेजारच्या हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण नशा न आणणाऱ्या रोपाच्या, दुकानात काम करते. एका शनिवारी दुपारी ती जेवायला आली. मी राजमा आणि मक्याचा पाव केला होता. जेवण झाल्यावर तिने पर्समधून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"हे बघ आत्या, गांजाच्या एकाच झाडात दोन गोष्टी असतात. टीएचसी आणि सीबीडी. टीएचसी म्हणजे जिच्यामुळे माणूस उगाच हसत सुटतो ती. दुखणं कमी करते, मळमळ थांबवते, भूक लावते, पण नशा चढते. सीबीडीने नशा चढत नाही. जीव शांत होतो. झोप लागते म्हणतात."

"म्हणतात?" होबर्ट खुर्चीतून म्हणाला. "कोण म्हणतं?"

"डॉक्टर खात्री देत नाहीत, काका. खोटं कशाला बोलू? पण संधिवाताच्या म्हाताऱ्या आमच्या दारात रांग लावतात."

"रांग तर लॉटरीच्या तिकिटालाही असते."

"तुम्ही ना, काका! बरं, ही बाटली निव्वळ सीबीडीची, बाकी सगळं काढून टाकलेलं. आणि ही पूर्ण रोपाची. हिच्यात टीएचसी आहे, पण मुंगीच्या पोटात मावेल एवढीच. कायद्याने चालते. सगळं एकत्र असलं की जास्त लागू पडतं, असं आमचा मालक सांगतो."

"कायद्याने चालत असेल. करारात चालत नाही. त्या झाडाचं काहीही घेणार नाही, असं सातव्या पानावर लिहिलंय."

मी मध्ये पडले. "अरे, पण ज्याने नशाच होत नाही त्याला ते कशाला हरकत घेतील? खिडकीतल्या बाईला विचारून तरी बघ."

"विचारलंय मागच्याच खेपेला. ती म्हणाली, आम्ही घ्या म्हणत नाही, घेतलं तर तुमच्या जबाबदारीवर. म्हणजे नाहीच की."

"सगळे सह्या करतात काका, आणि सगळे घेतात."

"सगळ्यांचं मला काय सांगतेस, पोरी? सही माझी आहे," होबर्ट म्हणाला आणि काठी टेकत ओसरीवर गेला. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही, असा माणूस.

तो बाहेर गेला आणि मी बाटली उचलली. कोणती, ते सांगते. आमच्या डोंगरात डुक्कर कापलं की नाकापासून शेपटीपर्यंत सगळं वापरतात. माझी आजी औषधाला मूळ उकळायची ते मातीसकट, पानासकट. गाळलेलं, काढून टाकलेलं ते शहरातल्या लोकांसाठी, त्यात कस नसतो, हे आम्हाला दुधाच्या दातांपासून माहीत. मी पूर्ण रोपाची घेतली. दुसरीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"दहा थेंब," केंड्रा हळूच म्हणाली. "तुपकट पदार्थातून दे. पण आत्या, काकांना सांगून दे हं."

"सांगते की," मी म्हटलं.

रोज सकाळी होबर्टला ओव्हनमधली गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवर सॉसेजची दाट पांढरी ग्रेव्ही लागते. त्या ग्रेव्हीला मिरी एवढी असते की चपलेचं कातडं घातलं तरी कळू नये. पहिले चार दिवस दहा थेंब घातले. फरक नाही. मग वीस. मग तीस. तिसावर तो झोपला. एका दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी साडेपाच. सकाळी चेहरा असा की जणू कुणी इस्त्री फिरवलीय. त्याने ओसरीवर बसून दोन पाट्या शेंगा सोलल्या. शेजारच्या कुत्र्याची नक्कल करून दाखवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी शाळेत जाताना गाडीत गाणं म्हटलं.

सांगायचं तेवढं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत. बरं चाललेलं असताना कोण सांगतं?

बुधवारच्या प्रार्थनेला आमच्याकडे साक्ष देतात. देवाने ज्याच्यासाठी काही केलं असेल त्याने उभं राहून चारचौघांत सांगायचं. होबर्ट त्या अपघातानंतर कधी उभा राहिला नव्हता. त्या बुधवारी तो पुढचा बाक दोन्ही हातांनी धरून उठला. म्हणाला, "मी काही मागितलं नव्हतं. मागायचं सोडूनच दिलं होतं. पण देवाने मला झोप दिली. काल साडेपाच तास." तेवढंच बोलला आणि रडला. सगळं चर्च आमेन म्हणालं. मीही म्हणाले. 

त्यानंतर आठवड्याने दवाखान्याची फेरी आली. गोळ्या बरोबर भरल्या. कप दिला. पाच दिवसांनी फोन आला, तो होबर्टनेच घेतला.

"टीएचसी? माझ्या लघवीत?" तो हसला. "बाई, माझ्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच कुणाच्या कपाला लागली. पुन्हा करा."

त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून पुन्हा केली. तेच आलं. तरी तो हटेना. शाळकरी अक्षरात चार पानी पत्र लिहिलं, आपण आयुष्यात त्या झाडाला शिवलो नाही म्हणून. ब्रदर लॅनी म्हणजे आमचे पाद्री, त्यांनी खाली सही केली. मग चर्चमधल्या एकतीस जणांनी केली. ते पत्र आमच्या टेबलावर सहीसाठी फिरत असताना मी लोकांना लिंबाचं सरबत देत होते. मलाही पेन दिलं. मी सही केली.

मी केंड्राकडे पळाले. म्हटलं, "तू तर म्हणालीस मुंगीच्या पोटाएवढी!"

"रोज रोज साठते ना आत्या. ती चरबीत जाऊन बसते. तू दहाच देत होतीस ना?"

"तीस."

ती बघतच राहिली. "काकांना सांगितलं होतंस?"

मी काउंटरवरच्या बाटल्या सरळ करायला लागले. तिने कपाळावर हात मारला आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते. डॉक्टर तरुण बाई, काही वाईट नव्हती, थकलेली दिसत होती. होबर्टने पत्र पुढे केलं. तिने ते उघडायच्या आत मी बोलून टाकलं. "मी घातलं, त्याच्या जेवणात. त्याला माहीत नव्हतं. सीबीडी होतं, नशेचं नव्हतं." आणि पर्समधून बाटली काढून दिली.

डॉक्टरने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "यावर टीएचसी लिहिलेलीच आहे."

"किती, ते पण लिहिलंय. मुंगीएवढी."

"यंत्राला मुंगी कळत नाही हो. त्याला सीबीडी दिसतच नाही. ते एकच गोष्ट शोधतं. कुठून आली, झोपेसाठी की मजेसाठी, ते त्याला विचारता येत नाही." तिने बाटली माझ्याकडे सरकवली. "आणि खरं सांगू? आठवड्याला एक तरी बायको या खुर्चीत बसून मला हेच सांगते. कुणी केकमध्ये घातलेलं असतं, कुणी चहात."

"मी खोटं बोलत नाही! घेते शपथ!"

"समजा, खरं धरलं," ती म्हणाली. "मग ज्या घरात यांच्या पोटात काय जातंय ते यांनाच माहीत नसतं, त्या घरात मी या गोळ्या कशा पाठवू? उद्या कशात काय मिसळलं आणि यांचा श्वास बंद पडला तर?"

खरं सांगून सुटका होईल असं वाटलं होतं. खोटी ठरले तरी करार मोडला होता, खरी ठरले तरी मोडलाच होता. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तिने चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, कमी कमी करत बंद करायच्या. दुसऱ्या डॉक्टरांची यादी दिली. होबर्ट तिच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्या खोलीत माझं म्हणणं एकट्या त्याला पटलं होतं.

परतताना नदीवरच्या पुलावर त्याने विचारलं.

"किती दिवस घातलंस?"

"सव्वीस."

"म्हणजे बुधवारी मी उभा राहिलो तेव्हाही?"

"हो."

पूल संपला तेव्हा तो म्हणाला, "तू आमेन म्हणालीस, अर्लीन."

पुढच्या बुधवारी त्याने साक्ष मागे घेतली. मला कुठे लपू असं झालं होतं, पण त्याने माझं नाव घेतलं नाही. "झोप देवाने दिली नव्हती," एवढंच म्हणून खाली बसला. ब्रदर लॅनींनी ते पत्र घडी करून त्याच्या हातात परत दिलं. कुणी आमेन म्हणालं नाही.

यादीतल्या पाचही डॉक्टरांना मी फोन केले. नाव, जन्मतारीख सांगितली की पलीकडे संगणकाची बटणं वाजायची आणि मग आवाज बदलायचा. कागदावर त्याच्या नावापुढे करार मोडला असं लागलंय, ते पुसता येत नाही. चौदा दिवस संपले. त्यानंतरचा आठवडा मी सांगणार नाही. अजूनही तो खुर्चीतून संडासापर्यंत जायला भिंत धरून धरून जातो आणि मध्ये दोनदा थांबतो. माझ्या हातचं खात नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. डबाबंद सूप आणतो, झाकण स्वतः उघडतो, थंडच पितो. पाणीसुद्धा नळाचं, स्वतः उठून. त्या उठण्यात त्याला काय होतं ते मला दिसतं.

परवा केंड्रा सीमा ओलांडून व्हर्जिनियात गेली. तिकडे चालतं. तिने टीएचसीच्या चॉकलेटी गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. मी ते सीलबंद तसंच होबर्टसमोर ठेवलं. समोर बसले आणि सगळं सांगितलं. "ही टीएचसी आहे. नशा चढते. इथल्या कायद्यात बसत नाही. पण तेलाला जे जमलं नाही ते हिला जमेल, असं केंड्रा म्हणते, दुखणं थोडं तरी उतरेल. करार आता राहिला नाही, होबर्ट. मोडायला काही उरलं नाही. घेतोस का?"

त्याने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आता विचारतेस," तो म्हणाला.

"हो. आता विचारते."

"केंड्राने बाटल्या आणल्या त्या दिवशी ओसरीवर मी काय विचार करत बसलो होतो, माहीत आहे?" त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला. "आणखी एकदा विचारलं असतंस तर मी हो म्हणणार होतो. दवाखान्यात फोन करून सांगणार होतो, मी हे घेणारेय, लिहून ठेवा, कपात काय दिसेल ते आधीच सांगतोय. मोडला असता तर मी मोडला असता. दुखणंच तेवढं होतं."

एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे केलं.

पाकीट टेबलावरच आहे, बंद. मी रोज एकदा विचारते. तो उत्तर देत नाही.