दहा सेकंदांतल्या लाटा

मित्रांनो, आधी मोजदाद करून घेऊ. पन्नास पांढऱ्या पट्ट्या आणि पस्तीस काळ्या. दोनशे बारा तारा. प्रत्येक तारेला एक, अशा दोनशे बारा लोखंडी खुंट्या. पायाशी दोन पितळी दांडे, त्यांतला डावा जरा वाकडा. आणि पोटात, अगदी तळाच्या फळीवर, पाण्याने भरलेला एक वाडगा. मी एक जुना पियानो आहे. या यादीतली शेवटची वस्तू सोडली, तर बाकी सगळे मी कारखान्यातून घेऊन आलो.

माझ्या सगळ्या तारांचा ताण एकत्र केला तर तो सोळा टनांच्या आसपास भरतो. लोखंडी चौकट त्यातला बराच भार घेते. पण माझी चौकट वरपर्यंत पोचत नाही. वरच्या खुंट्या एका लाकडी फळीत ठोकलेल्या आहेत आणि त्यांना धरून ठेवायचे काम एकट्या त्या फळीचे. ती बसवताना सुतार म्हणाला होता, "ही आहे तोवर तू आहेस." तेव्हा मला ते कौतुक वाटले.

पुढची एकतीस वर्षे मी एका नृत्यशाळेत काढली. मला वाजवायला एक तरुण बाई होत्या. मुली त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. शाळा बंद पडली तेव्हा कुणी आरसे नेले, कुणी खुर्च्या नेल्या, मावशींनी मला नेले. चार हमाल लागले. "लग्नात एवढी माणसं आली नव्हती माझ्या," असे त्या हमालांना म्हणाल्या होत्या.

मावशींचे घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचे. ज्या भिंतीला मी पाठ लावून उभा आहे तिच्या पलीकडे धोबीखाना आहे. तीन वर्षांपूर्वी सूर लावायला म्हातारे कारागीर आले. त्यांनी माझे लाकूड चाचपले आणि म्हणाले, "कोरडं पडतंय. आत पाण्याचा वाडगा ठेवा, नाहीतर तडे जातील." मावशींनी त्याच दिवशी वाडगा ठेवला. दर सोमवारी त्या खालचे झाकण काढत, वाडगा काठोकाठ भरत, माझ्या अंगावरून हात फिरवत आणि झाकण लावून टाकत. तीन वर्षांत एकही सोमवार चुकला नाही.

दुसऱ्या वर्षी भिंतीच्या बाजूने वाळवी आली.

वाळवी आवाज करत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. करते. लाकूड हादरले की तिच्यातले शिपाई बोगद्याच्या भिंतीवर डोके आपटतात आणि आतल्यांना सावध करतात. कुणी जोरात वाजवले की मला ते ऐकू येई. टक्, टक्, टक्. मग पुन्हा कुरतडणे सुरू. मला तोंड नाही. माझ्याकडे पंच्याऐंशी पट्ट्या आहेत, पण त्या दुसऱ्याच्या बोटांनी चालतात.

यंदा मावशींची भाची शाळा सुटल्यावर आमच्याकडे येऊ लागली. वय अकरा. ती जिन्याच्या पायऱ्या मोजत असे, बिस्किटाची भोकेही मोजत असे. मावशी तिला तपासनीस म्हणत. तिला स्वतःची एक चाल बांधायची होती.

"आधी स्वरांची अंतरं शीक," मावशी म्हणाल्या. "काळी असो की पांढरी, शेजारच्या पट्टीवर गेलीस तर अर्धं पाऊल. एक पट्टी मध्ये सोडलीस तर पूर्ण पाऊल. आता सा पासून निघ. पूर्ण, पूर्ण, अर्धं. मग पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धं. कुठे पोचलीस?"

"वरच्या सा वर. मग पुढे?"

"पुढे परत तेच."

"म्हणजे जिना आहे."

"जिनाच. आणि सा म्हणजे घर. चाल कुठेही भटकू दे, शेवटी घरी आली पाहिजे. चार मात्रांचा एक खण, असे आठ खण लिही. पहिल्या चारांत प्रश्न विचार, पुढच्या चारांत उत्तर दे. चाल नीट घरी आली तर पुढचं शिकवीन. नाही आली तर चित्रकला बघ."

मावशी हसत होत्या. तपासनीस हसली नाही. तिने वहीत आठ खण आखले.

प्रश्न तिला दोन दिवसांत सापडला. उत्तर मात्र बिघडत राहिले, कारण शेवटचा सा तिला घरासारखा वाटेना. ती पट्टी दाबून धरी आणि कान टेकवून ऐकत बसे. माझ्या मधल्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा आहेत. तिन्ही अगदी सारख्या लागल्या की स्वर सरळ ऐकू येतो. एक जरी सैल झाली की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. माझ्या मधल्या सा ची एक खुंटी सरकू लागली होती. फळी तिला धरत नव्हती.

"मावशी, हा डगमगतोय."

"कान कच्चा आहे अजून. होईल."

"आणि मध्येच टकटक कोण करतं?"

"धोबी. इस्त्री आपटतो मेला."

तिने शेवटचा खण पाच वेळा खोडून नवा लिहिला. सहाव्या वेळी तिने पेन्सिल खाली ठेवली. मी तो दिवस विसरलेलो नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ऐकूच येत नसेल नीट." आणि चार दिवस आली नाही.

पाचव्या दिवशी ती भिंतीवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ काढून माझ्यावर ठेवून बसली. सा दाबला आणि लाटा मोजल्या. दहा सेकंदांत चार. आठवड्याने सात. आणखी आठवड्याने तेरा. मध्ये दर वेळी ती स्वयंपाकघरातला रिकामा काचेचा पेला चमच्याने वाजवून पाही. पहिल्या दिवशी पेल्याचा आवाज माझ्या ग शी तंतोतंत जुळला होता. तिसऱ्या आठवड्यात ग खाली घसरलेला होता.

वही तिने मावशींपुढे धरली. "कान कच्चा असता तर पेलासुद्धा बदलला असता ना?"

"म्हणजे तुझा पेला खरा आणि माझा पियानो खोटा?"

"खोटा नाही म्हणत. आजारी आहे म्हणतेय."

मावशींचा चेहरा उतरला. "दर सोमवारी बघते मी त्याला," त्या म्हणाल्या. मग तिला खोटे पाडायचेच म्हणून त्यांनी कारागिरांना बोलावले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवर प्रेम करा असे मी सांगणार नाही. प्रेम मला भरपूर मिळाले. मला सांगायचे आहे ते एवढेच, की त्यांची पाठ भिंतीपासून कधीतरी वेगळी करा आणि मागे बघा. आणि एखादे लहान माणूस म्हणाले की काहीतरी बिघडले आहे, तर आधी मोजा आणि मग हवे तर रागवा.

काल दुपारी कारागीर आले. काठी टेकत आत आले आणि खुर्चीवर बसले. "कोणाची तक्रार आहे?"

"हिची," मावशी म्हणाल्या. "चाल बांधलीय म्हणे. घरी येत नाही."

"वाजव बरं, पोरी."

ती वाजवू लागली. प्रश्नाचे चार खण गेले. पाचवा, सहावा गेला. आतले शिपाई डोकी आपटू लागले. कारागिरांनी मान तिरकी केली. सातव्या खणात ते काठी न घेताच उठले.

"थांब. हात काढ. हळूच. आणि तिथून बाजूला हो, माझ्या मागे ये."

"एकच स्वर राहिलाय, काका."

"राहू दे."

ती उठली. त्यांनी वाकून माझे खालचे झाकण काढले आणि काठोकाठ भरलेल्या वाडग्याकडे पाहत राहिले.

"बाई, हे पाणी कधीपासून आहे?"

"तुम्हीच सांगितलं होतं की. एक दिवस कोरडा पडू दिला नाही."

"कोरडे दिवस होते तेव्हा सांगितलं होतं. ते संपल्यावर काढायचं होतं. ओल राहिली की वाळवी लागते."

"काढायचं होतं?" मावशी म्हणाल्या.

"हिच्या कानात काही खोट नाही," कारागीर म्हणाले. "वही दाखव मला."

त्यांनी वही पाहिली, आकड्यांवरून बोट फिरवले. मग धोबीखान्यातून दोघांना बोलावून मला भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतले. ते मागे गेले आणि खुंट्यांच्या फळीवर पेचकसाचे टोक टेकवले. दोन बोटांनी, पेन धरावे तसा, तो पुढे सारला. तपासनीस मोजपट्टी घेऊन शेजारी उभी होती.

फळीची जाडी पाच सेंटिमीटर. पेचकस चार सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर आत गेला.