वीस पाट्या शेण

पुतळीनं आणि तिच्या नणंदेनं, रुक्मानं, लोकांची घरं झाडून-सारवून द्यायचं नवं काम काढलं होतं. अणशीचा जंगलखात्याचा बंगला पहिलाच. बाहेरूनच अदमास घेऊन पुतळीनं सांगितलं, "वीस पाट्या शेण, दोन बायका, दोन दिवस."

अंदाज लिहून घेणारा बंगल्यावरचा कारकून हसला. "शेण? आत बघ तरी!"

आत सगळी सागवानी फळ्यांची जमीन. पुतळी दारातच थबकली. हे काम गेलं तर दुसरं कोण बोलावणार?

"वैनी, चल घरला," रुक्मा कुजबुजली.

पुतळीनं हात फळीवरनं फिरवला. "साहेब, शेण खोडा, रिठ्याचं पाणी लिवा. अन् दिवस तीन."

"तीन कशाला?"

"लाकडाची जमीन कधी पुसली न्हाई, भ्या वाटतंय, म्हणून हळू पुसणार."

कारकुनानं टाक दौतीत बुडवून तीन दिवस लिहिले.