खिंडीतल्या मोहोळघारी

लामारा जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली, तेव्हा गावाला वाटलं, आता ही बाई संत्र्यांची बाग बघेल, दुपारची भावाच्या ओसरीवर येऊन बसेल. तिने दुर्बीण घेतली आणि गावामागच्या टेकडीवर जाऊन बसली. सप्टेंबरात उत्तरेकडचे शिकारी पक्षी काळा समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून दक्षिणेला निघतात, बातुमी शहराच्या वर तर आभाळात त्यांची रीघ लागते. उजाडल्यापासून उन्हं कलेपर्यंत ती मोजायची. घारी वेगळ्या, ससाणे वेगळे, गरुड वेगळे. संध्याकाळी पक्षीमोजणीच्या वेबसाइटवर आकडे टाकायची आणि त्याखाली गावची खबर: कुठल्या ओढ्यावर काय दिसलं, कोण कुठे मुक्कामाला उतरलं. आकड्यांपेक्षा या खबरीचाच तिला जास्त अभिमान होता.

त्या शनिवारी ढग डोंगरावर बसले होते. मोहोळघारींचा थवा पावसाने दडपून पार झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आला आणि गावाजवळच्या खिंडीखालच्या चेस्टनटच्या रानात उतरला. गांधीलमाश्यांची पोळी उकरून खाणारे हे पक्षी. एकेका फांदीवर पाच-पाच, भिजून चिंब. लामाराने आनंदाने लिहिलं, ‘खिंडीखाली सुमारे तीनशे मोहोळघारी मुक्कामाला.’

रविवारी दुपारी धाकटा भाऊ तेन्गिझ याच्याकडे जेवण होतं. शेजारचा शोता आला होता. पेला उंचावून बोलायचा मान त्याचा, कारण गावात सगळ्यात लांबण त्यालाच लावता येई. तेन्गिझच्या बायकोने, मकवालाने, अक्रोडाच्या दाट रश्शात मांस शिजवलं होतं. लामाराने मक्याची भाकर मोडून दोन घास खाल्ले. चव छान होती. मग मकवालाने पळी बुडवून तिला आणखी वाढलं, तेव्हा रश्शातून एक पाय वर आला.

पिवळा, जाड खवल्यांचा पाय. नखं लांब, पण फारशी न वळलेली. भक्ष्याला पकडायची नखं नव्हेत, जमीन उकरायची.

‘‘मकवाला, हे काय आहे?’’

‘‘कोंबडी, वन्सं,’’ मकवाला तिच्याकडे न बघता म्हणाली.

तेन्गिझ हसला. ‘‘शाळा सुटली तरी बाईंची परीक्षा काही सुटत नाही. ताई, गुमान जेव.’’

‘‘कुठून आणलीस?’’

‘‘खिंडीतून. तूच तर सांगितलंस!’’ त्याने खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. तिचीच ओळ होती. ‘‘गावात सगळे वाचतात. उगाच पहाटेपासून डोंगर तुडवायला नको.’’

शोताने पेला उचलला. ‘‘आमच्या लामाराबाईंच्या डोळ्यांना! हवामानखातं चुकेल, पण बाई चुकायच्या नाहीत!’’

दोघंही पोट धरून हसले. तेन्गिझच्या हनुवटीवर रश्शाचं तेल चमकत होतं. तिने ताट दूर सारलं.

‘‘नव्वदीच्या टंचाईत घरात पाव नव्हता,’’ तो म्हणाला, ‘‘तेव्हा बाबांनी हेच शिजवून घातलं. तेव्हा नाही आली शिसारी?’’

‘‘तेव्हा भूक होती. आज तुझ्या परड्यात चौदा कोंबड्या फिरताहेत.’’

‘‘कोंबडीवर नेम धरण्यात काय मजा?’’

ती उठली. अंगणाच्या कडेला जेमतेम पोचली आणि भडाभडा ओकली. मकवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तिचा हात पाठीला लागताच लामारा बाजूला सरकली. ‘‘हात लावू नकोस,’’ ती म्हणाली.

तिथून ती घरी गेली नाही. तडक खिंडीत गेली. रान सुरू व्हायच्या आधीच रक्ताचा वास आला. चिखलात लाल-निळी काडतुसं पडली होती, दारूच्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, आणि सगळीकडे पक्षी. उरलेले उचलून नेण्याचीही कुणी तसदी घेतली नव्हती. मजा झाली, संपलं. उघड्या मांसावर गांधीलमाश्या बसून लचके तोडत होत्या. एक मादी अजून जिवंत होती, पंख खांद्यापासून लोंबत होता, आणि ती पिवळ्या डोळ्यांनी लामाराकडे बघत होती. लामाराने कोट टाकून तिला धरलं आणि मान पिरगाळली. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्यांदा पिरगाळावी लागली.

मग तिने मोजले. तिला दुसरं काही येतच नव्हतं. त्र्याऐंशी. हातांना रक्त आणि पिसं लागली होती. ओढ्यात कितीही घासले तरी तिला ते स्वच्छ वाटेनात.

त्या संध्याकाळी वेबसाइटवर तिने एवढंच लिहिलं: ‘खिंडीखाली मेलेल्या मोहोळघारी, त्र्याऐंशी. ठिकाण मारणाऱ्यांना माझ्या खबरीतून कळलं. त्यांतला एक माझा भाऊ तेन्गिझ. दोन घास मीही खाल्ले.’

चौथ्या दिवशी वनखात्याची गाडी आली आणि तेन्गिझची बंदूक घेऊन गेली. तो टेकडीवर चढून आला, धापा टाकत.

‘‘सख्ख्या भावाचं नाव घातलंस? पाखरांसाठी?’’

‘‘तू मला कुत्र्यासारखं वापरलंस, तेन्गिझ. माग काढणारं कुत्रं. मला तुझी किळस येते. माझीही येते.’’

‘‘आजपासून तुला भाऊ नाही.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. खरं तर तिला रडू यायला हवं होतं. पण त्याच्या तोंडाला येणाऱ्या लसणाच्या वासाने ती तोंड फिरवून उभी राहिली.

गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. दुकानात ती शिरली की गप्पा थांबत. मुक्कामाच्या खबरी तिने लगेच टाकणं बंद केलं. त्या आता हंगाम उलटल्यावर, नोव्हेंबरात जाणार होत्या. मोजणी मात्र चालू ठेवली. मांस तिला पुढे कधीच गिळवलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ निवळलं. दुपारी खालून, तेन्गिझच्या बागेच्या अंगाने, बार झाला. कुणाची तरी बंदूक मागून आणली असावी. थव्यातला एक गरुड गिरक्या घेत खाली गेला. लामाराने वही उघडली, वेळ लिहिली, जागा लिहिली, तेन्गिझचं नाव लिहिलं. मग दुर्बीण उचलली. उत्तरेकडून पुढचा थवा येत होता.