सुतकातली फोडणी

सुतक चालू असताना स्नेहलने फोडणी दिली. आणि तीही अशीतशी नाही, लसूण ठेचून, जिरं तडतडवून, अख्ख्या आळीला कळेल अशी. मरण झालेल्या घरात दहाव्यापर्यंत तेल तापवत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. पिरंगुटची पोर होती ती, परदेशातून आलेली नव्हती. पण तिचा नाइलाज झाला होता.

सासूबाई, लीलाबाई, गेल्या आणि सासऱ्यांनी, हैबतरावांनी, अन्नच सोडलं. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांना साखरेचा आजार. पहिल्या दिवशी सोयऱ्यांनी आणलेलं कडू घासाचं पिठलं त्यांनी नुसतं चिवडलं आणि भाऊबंदांकडून येणारी मिळमिळीत आमटी बघून तोंड फिरवलं. पौडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असंच चाललं तर हे फार दिवस काढायचे नाहीत." स्नेहलचा नवरा ओम मंडप, आचारी आणि प्रवचनकार ठरवण्यात बुडालेला. मेलेल्या आईच्या दहाव्यापुढे जिता बाप त्याला दिसत नव्हता. स्नेहलला त्याचा भयंकर राग आला, आणि तिने तो गिळला. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले होते. या घरात आल्यावर तिला पुन्हा बाप मिळाला होता, आणि तो तिला गमवायचा नव्हता.

तात्यांचा जीव कशात असेल तर लीलाबाईंच्या हातच्या घेवड्यात. स्नेहलला स्वयंपाक येत नव्हता असं नाही, तिला कुकर येत होता. दोन शिट्ट्या झाल्या की भाजी झाली. लीलाबाईंचं सगळंच निराळं. परसातल्या कोवळ्या शेंगा, शिरा ओढून हातानेच मोडायच्या, सुरी लावायची नाही. मागच्या पडवीतली चूल, जाड बुडाची कढई, मंद जाळ. कढईवर ताट, ताटात पाणी, आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत सोडायचं. गार पाणी पडलं की शेंग वातड झालीच. शेवटी भाजलेल्या खुरसणीचं, म्हणजे कारळ्याचं, काळंभोर कूट. "घाई न्हाई करायची," त्या जाळ मागे ओढत म्हणायच्या, "शिजली की शेंग सोता सांगती."

तसाच घेवडा स्नेहलने केला. धुराने डोळे चोळत, दोनदा बोट भाजून घेत. तात्यांनी वास घेतला, उठून बसले आणि भाकरीबरोबर वाटीभर भाजी खाल्ली. तिला इतका आनंद झाला की रडू आलं. मग तात्या पडवीच्या दाराकडे बघून म्हणाले, "तिला बी वाढ की. चुलीम्होरं बसून दमली आसंल."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून तिने त्यांच्या समाधानासाठी दुसरं ताट वाढलं आणि रिकाम्या पाटापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेंगा निवडायला पडवीत गेली, तर सुपात शेंगा निवडून तयार होत्या. शिरा काढलेल्या, एकसारख्या मोडलेल्या. तात्यांच्या थरथरत्या बोटांत कपसुद्धा ठरत नव्हता. ओमला घेवडा आणि गवार यांतला फरक कळत असता तर देव पावला असता. मग कुणी? तिने विचार करायचं टाळलं आणि भाजी फोडणीला टाकली. तात्या जेवतायत ना, मग बाकीचं बघू, असं तिने मनाला बजावलं. पण त्यानंतर ती घरात जाऊन परत आली की चुलीतलं लाकूड मागे ओढलेलं असायचं.

मागच्या खोलीत एक बिहारी भाडेकरू राहायचा. तो रजा संपवून नुकताच गावाहून आला होता. लीलाबाई गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आला आणि स्नेहलला म्हणाला, "भाभी, माँजी नाराज हैं क्या? चूल्हे के पास बैठी थीं, मैंने नमस्ते किया, ऊपर देखा ही नहीं."

त्याला खरं सांगायला स्नेहलची जीभ उचलेना. "दमल्या असतील," एवढंच ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिची तिलाच भीती वाटली.

शेजारच्या नलिनीकाकूंना मात्र तिने सगळं सांगितलं. काकू ओट्यावर बसल्या होत्या त्या ताडकन उठल्या.

"सुतकात फोडनी दिलीस व्हय गं?"

"तात्या जेवत नव्हते, काकू. काय करू मग?"

"फोडनी का देत न्हाईत, ठाव हाय का? वाट धरल्यालं मानूस वासानं माघारी फिरतं. आपल्याला जेवाय बोलीवलंय, आसं वाटतं त्याला." काकूंनी आवाज खाली आणला. "आन माघारी आल्यालं मानूस पुन्यांदा येकलं जात न्हाई."

स्नेहलने तडक चुलीवर घागर ओतली. राखेचा चिखल झाला. त्यानंतर तिने तात्यांना साधा दूधभात दिला. "जेवलोय मी," ते म्हणाले. चेहरा तुकतुकीत, गालात हसू. आजारी माणूस असा दिसतो का? तिला ते हसू मुळीच आवडलं नाही.

दहाव्याच्या सकाळी तात्यांनी आपणहून आंघोळ केली. परीटघडीची पैरण घातली, केसांना तेल लावलं आणि पुन्हा खाटेवर टेकले. "मला न्हाई झेपायचं. तुमी व्हा म्होरं," म्हणाले. घाट फार लांब नव्हता, म्हणून ओमने हट्ट धरला नाही.

घाटावर पिंड मांडले, पण कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर कावळ्यांची रांग, पण एक खाली येईल तर शपथ. लोक लीलाबाईंची राहिलेली इच्छा शोधू लागले. ओमने हात जोडून सांगितलं, नव्या बंगल्याला तुझं नाव देतो. चुलत्याने सांगितलं, रस्त्याकडेची जमीन विकू देत नाही. कुणी म्हणालं, लेकीला दरवर्षी साडी करू. कावळे जागचे हलले नाहीत. आणि स्नेहलला एकदम लख्ख कळलं. हे सगळे जिची विनवणी करतायत ती इथे आलेलीच नाही.

ती स्कूटर काढून घराकडे सुटली.

फोडणीचा वास फाटकातच आला. पडवीत चूल पेटलेली होती. कढई खाली उतरवलेली. दोन पाट मांडले होते, दोन ताटं वाढली होती, आणि तात्या एका पाटावर नवरदेवासारखे ताठ बसले होते. घास अजून उचललेला नव्हता.

"आलीस व्हय?" ते मायेने म्हणाले. "पर आज तुला वाढत न्हाई. दोघांपुरतंच हाय म्हनती."

समोरच्या पाटावर कुणी नव्हतं. पण त्या ताटातली वाफ सरळ वर जात नव्हती. कुणीतरी भाजी निवायला फुंकर घालावी तशी ती एका बाजूला झुकत होती.

स्नेहलने तात्यांच्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि त्या रिकाम्या पाटाला सांगू लागली, "आई, तुम्हाला मीच बोलावलं, चुकले. पण यांना नेऊ नका. मी घाई करणार नाही. रोज चुलीपुढे बसेन. यांना एक दिवस उपाशी ठेवणार नाही. मला दुसरं कुणी नाही हो, आई." ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने डोळे पुसले तेव्हा वाफ सरळ वर चालली होती. चुलीत जाळ नव्हता, ओल्या राखेचा चिखल होता. कमरेला खोचलेला फोन वाजला. ओम ओरडत होता, "शिवला गं! एकदम सगळे उतरले!"

तिने तात्यांच्या ताटावरचे हात काढले. सुटलो, असं तिला वाटलं. तात्या मात्र समोरच्या पाटाकडे बघत होते. मघाचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं, आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते.

"न्यायला आल्ती मला," ते म्हणाले. "मी व्हय म्हनलो हुतो. तू मला का न्हाई इचारलंस?"

या सगळ्या धावपळीत त्यांना विचारायचं स्नेहलच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. समोरचं ताट जसंच्या तसं भरलेलं होतं.

"उपाशी गेली गं ती," तात्या म्हणाले. मग त्यांनी सुनेच्या रडक्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, स्वतःचं ताट जवळ ओढलं आणि मुकाट्याने जेवायला लागले.