बाटलीवरची हिरवी फांदी

मी एक लेबल बोलतोय. व्हेपच्या लिक्विडच्या बाटलीवर चिकटवलेला कागद. माझ्यावर आर्चा या डोंगरी, सुवासिक झाडाची हिरवीगार फांदी छापली आहे आणि तिच्याखाली तीन शब्द आहेत: ‘शुद्ध. डोंगरातलं. आपलं.’ या तीन शब्दांबद्दल मला बोलायचं आहे, आणि मी हळू आवाजात बोलणार नाही.

साइकाल प्रागहून रसायनशास्त्र शिकून बिश्केकला परतली. व्हेपचं लिक्विड बनवून विकणारा तिचा मामा फोनवर नेहमी ‘आपली प्रयोगशाळा’ म्हणायचा. तिला वाटलं होतं, काचेची भांडी असतील, तोलकाटा असेल, माणसं हातमोजे घालून काम करत असतील. प्रत्यक्षात बाजारातल्या एका लोखंडी कंटेनरवर चढवलेला दुसरा कंटेनर निघाला. आत दोन निळ्या बादल्या, स्वयंपाकघरातलं नरसाळं, ढवळायला लाकडी डाव आणि कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेलो मी, माझ्या शेकडो भावंडांसकट.

‘मामा, तोलकाटा कुठाय?’

एसेनबेक मामानं उजवा हात वर केला. ‘हा काय! जन्मभर कुमिस विकली या हातानं. थेंब इकडचा तिकडे नाही.’

‘घोडीचं दूध वेगळं आणि निकोटीन वेगळं.’

‘शिकून आली आणि मामालाच शिकवायला लागली,’ मामा हसला. तिच्या गालाला चिमटा काढून तो बादली ढवळू लागला.

माझा जन्मही असाच हसत हसत झाला. छापखानेवाल्यानं विचारलं होतं, ‘आत काय काय आहे, ते कुठं टाकू?’ मामा म्हणाला, ‘ते कोण वाचतंय? फांदी मोठी कर.’ फांदी मोठी झाली. मग आणखी मोठी झाली. अक्षरांना जागाच उरली नाही.

पण माझी पाठ बाटलीला चिकटलेली असते. आत काय आहे ते मला माहीत आहे. ग्लिसरीन, परदेशी कॅनमधला वास आणि निकोटीन. आर्चाचं एक पानसुद्धा नाही. डोंगर तर त्या बादलीनं लांबूनही पाहिलेला नाही.

साइकालच्या थोरल्या बहिणीचा, जिबेकचा, नवरा कुबात मला मामाच्या दुकानातून घरी घेऊन गेला. भाड्याचं घर, सातवा मजला. घरात नुकतीच मुलगी झाली होती आणि बाळंतपणासाठी दोघी बहिणींची आई, जिला सगळे आपा म्हणत, येऊन राहिली होती.

आता आपाचं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. घरात बाळ आलं की आर्चाची फांदी पेटवायची आणि तिचा धूर पाळण्याभोवती फिरवायचा, म्हणजे नजर उतरते. तिच्या आईनं हेच केलं होतं. पण घरमालकानं छताला धुराची घंटा बसवली होती. आपानं फांदी पेटवली, घंटा केकाटली, बाळ दचकून रडलं आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन भांडून गेली.

तेव्हा आपाची नजर माझ्यावर पडली.

‘अरे कुबात, ही आर्चाच की! आणि माझ्या भावाच्या हातची. हिला तर धूरपण नाही.’

‘आपा, ते माझं ओढायचं आहे.’

‘मग ओढ आणि इकडे सोड. नाहीतरी घरात बसून काय करतोस?’

तेव्हापासून रोज कुबात झुरका घ्यायचा आणि पाळण्याभोवती वाफ सोडायचा. आपा मागून नजर उतरवायचं ‘अलास, अलास’ म्हणत फेरी मारायची. बाळ दूध ओकू लागलं, झोपेना. आपा म्हणाली, कुणाची तरी जबर नजर लागली आहे. म्हणून फेऱ्या वाढल्या.

मी माझ्या फांदीसकट तिथंच टेबलावर होतो. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण माझ्या तोंडात तीनच शब्द कोंबले होते.

बाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे जमले. बोरसोकचा, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा, ढीग मांडला होता, मटण शिजत होतं, मामा मानाच्या जागी बसला होता. साइकाल दारातून आत आली आणि बूट काढता काढता थांबली. कुबात पाळण्यावर वाकून वाफ सोडत होता आणि पाहुणे कौतुकानं बघत होते.

तिनं त्याच्या हातातून व्हेप हिसकावला. ‘दाजी, काय करताय हे?’

‘अगं, आर्चा आहे,’ आपा म्हणाली. ‘मामाकडचीच.’

‘आपा, यात आर्चा नाही.’

‘नाही कशी?’ आपानं मला उचलून साइकालच्या डोळ्यांसमोर धरलं. ‘मग हे चित्र कसलं?’

मामा बोरसोकचा तुकडा मोडत राहिला.

‘मामा, सांगा ना. आईला सांगा, हे चित्र कसलं ते.’

‘वासाचं,’ मामा म्हणाला. ‘वास आर्चाचा आहे. आता तुम्ही ते बाळावर उडवाल, हे मला काय माहीत?’

‘बरं, यात निकोटीन किती आहे?’

‘ते बादलीवर असतं गं. एखादी कडक लागते, एखादी सौम्य.’

जिबेकनं पाळण्यातून मुलीला उचलून छातीशी धरलं. ‘साइकाल, माझ्या पोरीच्या अंगात किती गेलं?’

‘मला माहीत नाही, ताई. मामालाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात ने.’

आपा भावाकडे बघत म्हणाली, ‘एसेन, तुझ्या हातचं म्हणून मी विचारलंसुद्धा नाही.’

डॉक्टरांनी बाळाला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं. घरात पुन्हा वाफ दिसता कामा नये, अशी तंबी दिली. मुलगी वाचली. पण ज्या बाटल्या इतर घरांत गेल्या, त्यांचं काय? तिथंही पाळणे आहेत, आणि विश्वासानं बघणाऱ्या आयासुद्धा.

लोक म्हणतात, लेबलं खोटं बोलतात. मी हा आरोप घेणार नाही. माझ्यावर लिहिणारा हात शोधा. आणि मला फिरवून बघा. आत काय आहे ते कुठंच नसेल, तर दुकानदाराला विचारा. तो हसला तर पुन्हा विचारा. तुमच्या छातीत काय जातंय हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइकालनं मला कुबातच्या बाटलीवरून नखानं सोडवलं, एका पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि माझ्याभोवती जाड अक्षरांत लिहिलं: ‘यात आर्चा नाही. निकोटीन आहे, किती ते आम्ही मोजलेलं नाही. मुलांजवळ ओढू नका. घेतलेली बाटली परत आणा.’ खाली स्वतःचं नाव टाकलं आणि पुठ्ठा कंटेनरच्या दाराला बांधला.

मामा किल्ल्या घेऊन जिना चढून आला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

‘काढ ते. गिऱ्हाईक पळेल.’

‘पळू दे.’

‘तू प्रागला परत जा बाई. तिथं काय ते मोज.’

‘जाणार नाही. तोलकाटा येईपर्यंत इथं एकही बाटली भरली जाणार नाही. पुठ्ठा काढलात तर मी दारात उभी राहून तोंडानं सांगेन. आज, उद्या, रोज.’

खालून लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. पहिलं गिऱ्हाईक येत होतं. मामानं पुठ्ठ्याकडे हात नेला. साइकाल त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली.

‘या,’ ती खाली बघून म्हणाली, ‘आधी हे वाचा.’